परतीचं तिकीट शहरातच काढावं लागते, आणि तिथं खिडकी एकच उघडी

पऱ्हाटी (धागाकर्ता) · रविवार, रात्री ९.१०

राम राम मंडळी.

मागच्या मंगळवारी आईचा डोळा दाखवायला शहरात गेलो होतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला, डॉक्टरांनी शेवटचं बोलावलं होतं. जाताना काही त्रास नाही. आमचं स्टेशन लहान, सकाळच्या पॅसेंजरला पंधरा-वीस माणसं, तिकीट दोन मिनिटांत हातात. त्रास झाला तो परतताना.

साडेपाचची गाडी होती. आम्ही पाचच्या आत स्टेशनात पोहोचलो. जनरल तिकिटाच्या पाच खिडक्या, त्यातल्या चारांवर 'काउंटर बंद'ची पाटी. उघड्या खिडकीपुढची लाइन दरवाज्यातून बाहेर ऑटो स्टँडपर्यंत. दोन मशिनी होत्या. एक बंद, दुसरीपुढं गर्दी आणि सांगायला कोणी नाही. ॲप माझ्या मोबाइलमध्ये होतं, पण दवाखान्यात दिवसभर बसून मोबाइल केव्हाच बंद पडला होता. आमच्यापुढं चार माणसं उरली आणि गाडी सुटली. आवाज सगळ्यांनी ऐकला. लाइनीतली बरीच माणसं तशीच उभी राहिली, कारण आता पुढच्या गाडीसाठी तीच लाइन.

पुढची गाडी सव्वानऊला. आईला दर चार तासांनी थेंब टाकायचे होते. प्लॅटफॉर्मवरच्या दिव्याखाली मान वर करून बसवलं आणि टाकले. धूळ उडत होती, पदरानं तोंडाजवळ आडोसा केला. घरी पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे एकाच स्टेशनाचं गाऱ्हाणं नाही, आणि त्या दिवशी खिडकीत बसलेल्या ताईंचं तर नाहीच. ती बाई एकटी होती आणि मान वर न करता काम करत होती.

मला जे म्हणायचं आहे ते असं. शहराच्या स्टेशनवर किती खिडक्या उघड्या ठेवायच्या हा शहराचा प्रश्न समजला जातो. भोगतो मात्र खेड्यातला माणूस. सकाळी आम्ही वीस लहान स्टेशनांवरून थोडे थोडे चढतो. संध्याकाळी सगळे एकाच स्टेशनवर, एकाच तासात, एकाच खिडकीपुढं येतो. आणि परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवावं म्हटलं तर तेही होत नाही. १९९ किलोमीटरपर्यंतच्या जनरल तिकिटाला मार्च २०१६ पासून तीन तासांचा नियम आहे. तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत प्रवास सुरू केला पाहिजे. म्हणजे दवाखाना, कचेरी, बाजार आटोपून माणूस स्टेशनवर येईल तेव्हाच तिकीट. दुसरा मार्गच ठेवलेला नाही.

आणखी एक गोष्ट. आईला अक्षर येत नाही, आकडे कळतात. पाच-सात वर्षांपूर्वी त्याच स्टेशनवर एक बाबू होते. ते तिकीट देताना मागच्या बाजूला पेनानं प्लॅटफॉर्मचा आकडा लिहून देत. नुसता '३' किंवा '५'. आई तेवढ्या आकड्यावर एकटी घरी येत असे. आता ती एकटी जायला तयार नाही.

खिडक्या किती उघडायच्या हे ठरवतं कोण? कोणाला लिहावं? माहितीची माणसं असतील तर सांगा.

---

मेमू_प्रवासी · रविवार, रात्री ९.४८

भाऊ, काकूंना झालेला त्रास वाचून वाईट वाटलं. पण खरं सांगू का, मी दोन वर्षांत लाइनीत उभा राहिलो नाही. मुंबईत जनरल तिकिटाचं ॲप २०१४ ला आलं, आता १ जुलै २०२५ पासून रेलवन आहे. रिझर्व्हेशन, जनरल, पास, सगळं एकातच. वॉलेटमध्ये पैसे भरले तर बोनसही मिळतो. पूर्वी स्टेशनपासून ठरावीक अंतराच्या आतच तिकीट निघायचं, ती बाहेरची हद्दही काढून टाकली. दवाखान्यातून निघतानाच तिकीट काढता येतं.

मी एमआयडीसीत जातो, रोजचा प्रवास आहे. माझ्यासारखे सगळे मोबाइलवर गेले तर खिडकीपुढची लाइन आपोआप कमी होईल. रेल्वेनं माणसं वाढवावी ही मागणी चुकीची नाही, पण ती कधी पूर्ण होईल कोणास ठाऊक. ॲप आज हातात आहे.

---

मास्तरीण · रविवार, रात्री १०.२०

मेमू भाऊ, मीही ॲपच वापरते, तरी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही.

मी जिल्हा परिषद शाळेत आहे, सोळा वर्षं पासवर जाते-येते. आमच्या डब्यात रोजच्या बायका असतात. शिक्षिका, नर्स, भाजीवाल्या, धुणंभांड्याला शहरात जाणाऱ्या. भाजीवालीकडे साधा फोन. तिच्या मुलाकडे स्मार्टफोन आहे, पण तो मुलाकडे असतो. ज्यांच्याकडे आहे त्यांचीही अडचण सांगते. स्टेशनात शिरल्यावर ॲप नेहमीसारखं तिकीट देत नाही, भिंतीवरचा क्यूआर स्कॅन करावा लागतो. तो क्यूआर कुठं लावलाय हे विचारायलाही माणूस लागतो. आणि पेपरलेस तिकीट एकदा निघालं की रद्द होत नाही. घाईत चुकीच्या स्टेशनचं काढलं तर पैसे गेले. दहा-वीस रुपये तुम्हाला-मला काही नाहीत, तिची ती एका जुडीची कमाई आहे.

सवलतीचं तिकीट घ्या. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० ला बंद झाली ती झालीच. पण दिव्यांग, कॅन्सर, टीबी, थॅलेसेमियाचे रुग्ण यांची सवलत चालू आहे, आणि डॉक्टरचा दाखला घेऊन आलेल्या माणसाला खिडकीशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे सगळ्यात आजारी माणूस सगळ्यात लांब लाइनीत.

खिडकी उघडी असली की तिथं उजेड असतो, माणूस असतो. रात्री नऊच्या गाडीसाठी एकट्या उभ्या राहणाऱ्या बाईला विचारा याची किंमत काय आहे. मुंबईचं माटुंगा आणि मग आपलं नागपूरचं अजनी, ही स्टेशनं महिला कर्मचाऱ्यांच्या हाती दिली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. तिथं बाई विचारायला कचरत नाही.

---

कपाशी_ते_कापड · रविवार, रात्री १०.३१

आमच्या गावचा एक बुढा लाइन पाहून तसाच गाडीत बसला. टीसीनं धरला. तिकीट असतं दहा-पंधरा रुपयाचं, दंड अडीचशे अन् वरून भाडं. बुढा म्हणे, "साहेब, तिकीट कोनी देऊनच नाही राहिलं तं काढू कसं?" टीसी तरी काय करन, त्याले बी नियम हाय. पन गलती कोनाची अन् दंड कोनाले, हे काही बरोबर नाही वाटत मले.

---

जुना_बुकिंगबाबू · सोमवार, सकाळी ६.५५

मी बत्तीस वर्षं बुकिंगमध्ये होतो. निम्मी लहान स्टेशनांवर, निम्मी मोठ्या. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ असेल त्यांनी वाचा.

आधी कपाशी भाऊंच्या बुढ्याबद्दल. रेल्वे कायदा १९८९ मध्ये कलम ५५ आहे. तिकीट मिळालं नाही तर गाडीत बसायच्या आधी गार्डला किंवा नेमलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याला सांगून परवानगीचा दाखला घ्यायचा. तो दाखला जवळ असला की दंड लागत नाही, फक्त भाडं द्यायचं. सोय आहे, कायद्यात आहे. पण गार्ड, म्हणजे आताचे ट्रेन मॅनेजर, गाडीच्या शेवटी. गाडी थांबते मिनिट-दोन मिनिटं. बुढा तिथपर्यंत जाणार केव्हा, दाखला घेणार केव्हा आणि चढणार केव्हा? खिडकी उघडी असेल तर त्या कलमाची गरजच पडत नाही.

आता खिडकीच्या आतली बाजू सांगतो. बाहेरून फक्त काच आणि हात दिसतो.

ड्यूटीवर बसताना बाबू आधी स्वतःच्या खिशातले पैसे मोजून रजिस्टरमध्ये लिहितो. प्रायव्हेट कॅश म्हणतात त्याला. मधेच तपासणी आली आणि गल्ल्यात पैसे जास्त निघाले तर प्रवाशाला कमी परत दिले असा संशय. कमी निघाले तर खिशातून भरा. तिकिटाच्या रोलवर छापील नंबर असतो आणि एकेक नंबराचा हिशेब द्यावा लागतो. प्रवाशानं मूर्तिजापूर म्हटलं, गोंगाटात मलकापूर ऐकू आलं, तिकीट चुकीचं छापलं गेलं, तर ते फेकता येत नाही. त्याला नॉन-इश्यू करायचं, जपून ठेवायचं, नोंद करायची. तोवर लाइन ओरडते. म्हणून बाबू मान वर करत नाही. उद्धटपणा नसतो तो, भीती असते. मी नवीन असताना पहिल्याच महिन्यात मेळ्याच्या दिवशी गल्ल्यात मोठी तूट आली. माणसानं दिलेली नोट मी पन्नासची समजून सुटे मोजले असतील, किंवा आणखी काही. ती रक्कम पगारातून भरली. त्यानंतर कधी नोट हातात घेतल्यावर तिचा आकडा मोठ्यानं म्हटल्याशिवाय सुटे दिले नाहीत. "शंभर दिले बरं का, काका." आजही भाजीवाल्याकडे मी असंच म्हणतो.

माझ्या सुरुवातीला पुठ्ठ्याची तिकिटं होती. एडमंडसन नावाच्या इंग्लंडमधल्या स्टेशनबाबूनं एकोणिसाव्या शतकात ती पद्धत काढली, आपल्याकडे तीच चालली. लाकडी कपाटात एकेका स्टेशनची तिकिटं रचलेली, तारखेच्या मशीनमध्ये घातलं की खटकन तारीख उमटायची. हात बसलेला बाबू कपाटाकडे न पाहता तिकीट काढायचा. जनरल तिकिटं संगणकावर यायला लागली ती २००२ पासून, आधी दिल्लीकडे, मग हळूहळू इकडे. संगणकानं हिशेब सोपा केला यात शंका नाही. पूर्वी पाळी संपल्यावर प्रत्येक स्टेशनच्या तिकिटाचा शेवटचा नंबर उतरवून बेरीज जुळवावी लागे.

पऱ्हाटी भाऊंचा प्रश्न होता खिडक्या किती उघडायच्या. माझ्या अनुभवात हिशेब पाळीचा होतो आणि गर्दी गाडीची असते. आठ तासांत एकूण तिकिटं किती विकली ते पाहतात. दुपारी दोन ते चार खिडकीवर कुत्रं नसतं, आणि पाच ते साडेपाच पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही मिळून सरासरी काढली तर कागदावर एकच माणूस पुरेसा दिसतो. आता हे पाहा. सुटे पैसे हातात तयार असले तर एक तिकीट अर्ध्या मिनिटाच्या आत निघतं. सुटे नसले, चार जणांचं वेगवेगळ्या गावचं असलं, कोणी "ही गाडी तिथं थांबते का हो" विचारलं, तर मिनिट-दीड मिनिट. म्हणजे अर्ध्या तासात एक खिडकी फार तर साठ-सत्तर माणसं काढते. लाइनीत दीडशे असतील तर निम्म्याहून जास्त राहणार हे पाच वाजताच ठरलेलं असतं.

त्यात पाळी बदलण्याची वेळ गाडीच्या वेळेवर आली की आणखी पंचाईत. जाणारा पैसे मोजून देतो, येणारा मोजून घेतो, दहा-पंधरा मिनिटं खिडकी बंद. एकटा माणूस असेल तर लघवीला जायचं म्हटलं तरी पाटी लावावी लागते. मी तासन् तास पाणी न पिता बसलोय. त्याचे परिणाम शरीर आता दाखवतं आहे.

लहान स्टेशनांवर तर बुकिंगचा वेगळा माणूसच नसतो, स्टेशन मास्तरच तिकीट देतात. तिकीट देता देता शेजारच्या स्टेशनचा फोन येतो, लाइन क्लिअर (तिकडून गाडी सोडायची परवानगी) द्यावं लागतं, थ्रू जाणारी मालगाडी असली तर हिरवी झेंडी घेऊन बाहेर उभं राहावं लागतं. तेवढा वेळ खिडकी रिकामी. लोकांना वाटतं साहेब उठून गेले. साहेब गाडी सुखरूप जातेय का ते पाहायला गेलेले असतात.

तिकिटामागं प्लॅटफॉर्मचा आकडा लिहायची सवय आमच्यातल्या बऱ्याच जणांना होती. वरिष्ठांनी शिकवली होती. तुमच्या आईंनी अजून लक्षात ठेवली, हे वाचून डोळे भरून आले.

---

वैनगंगा · सोमवार, सकाळी ८.३०

बाबूकाका, साष्टांग नमस्कार.

मी गडचिरोलीचा. आमच्या अख्ख्या जिल्ह्याला गाडी धरायची तर वडसा. गडचिरोलीची लाइन अजून बांधून राहिले. तोवर गडचिरोलीवरून पन्नासेक किलोमीटर एसटीनं वडशाला, आणि तिथून गोंदिया किंवा चांदा फोर्टची गाडी. आतल्या तालुक्यातला माणूस तर आदल्या दिवशी निघतो. अशा माणसाची गाडी लाइनीपायी सुटली तर त्याले तीन तास थांबून जमत नाही. त्याची शेवटची एसटी पण जाते. मग रात्र स्टेशनवरच.

आमच्या भागातल्या बऱ्याच लोकांची बोली गोंडी किंवा माडिया. मशीनवर मराठी, हिंदी, इंग्रजी. माणूस समोर असला तर खुणेनं, गावाच्या नावानं काम होते. मशीनले खुणा कळत नाहीत.

---

अभ्यासिका · सोमवार, दुपारी १.१५

मी दोन वर्षांपासून रेल्वेच्या एनटीपीसी परीक्षेची तयारी करते आहे, तालुक्याच्या वाचनालयात बसून. म्हणून हे आकडे तोंडपाठ आहेत. २०२४ च्या जाहिरातीत बारावी पातळीच्या ३,४४५ जागा होत्या, त्यातल्या २,०२२ कमर्शियल कम तिकीट क्लर्कच्या. पदवी पातळीवर ८,११३ जागा, त्यात १,७३६ चीफ कमर्शियल कम तिकीट सुपरवायझरच्या. हे साऱ्या देशाचे आकडे आहेत. देशातली स्टेशनं सात हजारांवर. एका स्टेशनला एक माणूससुद्धा वाट्याला येत नाही.

तिकीट क्लर्कला सुरुवातीचं मूळ वेतन २१,७०० रुपये. आमच्या वाचनालयात चाळीस मुलं-मुली याच एका खुर्चीसाठी रात्री अकरापर्यंत बसतात. लाइनीत माणसं आहेत, खिडकीत बसायला आम्ही तयार आहोत, आणि मधली खुर्ची रिकामी आहे. मला हे फार लागतं.

---

मेमू_प्रवासी · सोमवार, सायंकाळी ७.०५

सगळ्यांचं वाचलं. मास्तरीणताईंचं सवलतीच्या तिकिटाचं म्हणणं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, ते मान्य.

तरी एक मुद्दा सोडत नाही. सगळा भार कायम नोकरीच्या माणसांवर टाकला तर काहीच होणार नाही. मशीन आहेत तिथं फॅसिलिटेटर ठेवतात. निवृत्त कर्मचारी किंवा बाहेरची माणसं, कमिशनवर मशीनमधून तिकीट काढून देतात. मुंबईत ही व्यवस्था जागोजागी दिसते. स्टेशनबाहेर जनसाधारण तिकीट बुकिंग सेवक असतात, एक-दोन रुपये जास्त घेतात पण लाइन वाटली जाते. आपल्या शहरांत संध्याकाळच्या दोन तासांसाठी असे चार लोक बसवले तरी पऱ्हाटी भाऊंच्या आईची गाडी सुटली नसती.

---

हॉल्टवाला · सोमवार, रात्री ८.४०

माझे वडील हॉल्टवर तिकीट विकायचे, कमिशनवर. जवळच्या मोठ्या स्टेशनवरून रोख पैसे भरून तिकिटं आणायची, विकली तेवढ्यावर कमिशन. मेमू भाऊ, कमिशनवाला माणूस वाईट नसतो, माझ्या बापानं इमानानं केलं. पण एक सांगतो. पावसाळ्यात पेरणीच्या दिवसांत प्रवासीच नसत, कमिशन शून्य. तरी बाप दोन्ही गाड्यांना खिडकी उघडायचा, कारण गावात राहायचं होतं. शहरातल्या अनोळखी एजंटानं तसं का करावं? कमाई नसली की तो उठून जाणार. रोजची हमी पाहिजे असेल तर पगारी माणूसच लागतो. एजंट जोडीला असावा, बदली नसावा.

---

थेम्सकाठी · सोमवार, रात्री ११.५२

मी मूळ यवतमाळ जिल्ह्यातला, नोकरीनिमित्त लंडनला. इकडचं सांगतो, कारण हाच वाद इथंही झाला.

लंडनच्या भुयारी रेल्वेनं २०१५ पर्यंत आपली तिकीट कार्यालयं बंद केली. कर्मचाऱ्यांना काचेमागून काढून बाहेर मशिनींजवळ उभं करू असं म्हटलं. मग जुलै २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या रेल्वे कंपन्यांनी देशभरातली बहुतेक तिकीट कार्यालयं बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. कारण दिलं की खिडकीवर आता जेमतेम १२ टक्के तिकिटं विकली जातात. लोकांची मतं मागवली तर साडेसात लाखांच्या आसपास उत्तरं आली. अंध, अपंग, वयस्कर माणसांच्या संघटना पुढे होत्या. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सरकारनं तो प्रस्ताव मागे घ्यायला लावला.

इथं जवळजवळ प्रत्येकाकडे बँकेचं कार्ड आणि स्मार्टफोन आहे, तरी हे झालं. टक्केवारीत बारा म्हणजे कमी दिसतात. पण ते बारा कोण, हे त्या साडेसात लाख उत्तरांनी सांगितलं.

---

कपाशी_ते_कापड · मंगळवार, सकाळी ७.२०

साडेसात लाख! आपन तं साधी तक्रार बी लिहीत नाही. घरी येऊन जेवता जेवता बोलतो अन् झोपतो.

---

शकुंतलेचा_प्रवासी · मंगळवार, सकाळी ९.००

विषयाला थोडं सोडून होईल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर-अचलपूर ७६ किलोमीटर, अडीच फुटी रुळांवरची आमची शकुंतला. शेवटच्या काळात मधल्या स्टेशनांवर कोणी माणूस उरला नव्हता. गाडीवरचीच माणसं उतरून तिकीट द्यायची, फाटक लावायची, उघडायची. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. आज वाटतं, ते कौतुकाचं नव्हतं. आधी खिडकीतला माणूस गेला, मग स्टेशनची कौलं गेली, मग गाडी गेली. तिकीट विकलंच जात नाही म्हटल्यावर प्रवासी नाहीत असं लिहायला किती वेळ लागतो?

आजही माझ्या गावच्या स्टेशनात तिकिटाच्या खिडकीची चौकट उभी आहे. लाकडाच्या फळीवर पैसे सरकवून सरकवून मधोमध खळगा पडलाय. लहानपणी त्यात बोट फिरवायचो.

---

जुना_बुकिंगबाबू · मंगळवार, सायंकाळी ६.१०

शकुंतलाभाऊंनी बरोबर जागी बोट ठेवलं. लाइन पाहून जो परत गेला किंवा बिनतिकीट बसला, तो रेल्वेच्या हिशेबात येतच नाही. विकलेली तिकिटं मोजली जातात, न विकलेली कोण मोजणार? पुढच्या वर्षी तोच आकडा दाखवून आणखी एक खिडकी बंद.

आता काय करायचं ते सांगतो.

नुसतं 'गर्दी फार होते' असं लिहू नका. अशा पत्रावर 'नोंद घेतली' एवढंच उत्तर येतं. गाडीच्या आधीचा अर्धा तास धरा. किती खिडक्या होत्या, किती उघड्या होत्या, लाइनीत किती माणसं होती, गाडी सुटली तेव्हा किती उरली. तारीख, वेळ, गाडी नंबर. सात दिवस सलग. हा कागद घेऊन गेलात तर समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं.

द्यायचा कुठं? रेल मदतवर, म्हणजे १३९ वर, नोंदवून नंबर घ्या. स्टेशनवरची तक्रार पुस्तिका मागा, ती मागण्याचा तुमचा हक्क आहे. आणि पत्र विभागाच्या व्यवस्थापकांना. विभाग नीट पाहून लिहा. बडनेरा भुसावळ विभागात, वर्धा मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात, आणि वडसा-गोंदियाकडचं दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतं. चुकीच्या विभागाला गेलेलं पत्र महिनाभर फिरत बसतं. प्रत्येक विभागात प्रवाशांची सल्लागार समिती असते, तिच्या सदस्यालाही प्रत द्या.

मागणी नेमकी ठेवा. सगळ्या खिडक्या चोवीस तास मागू नका, ते होणार नाही आणि त्याची गरजही नाही. संध्याकाळी पाच ते साडेसात किमान तीन खिडक्या, पाळीबदल गाडीच्या वेळेवर नको, आणि एक खिडकी वयस्कर, दिव्यांग, सवलतवाल्यांची. माणसं नाहीत म्हणतील. दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी लाखो लोक नागपूरला येतात तेव्हा जादा खिडक्या लागतात. शेगावला प्रकट दिनाच्या गर्दीतही तसंच करावं लागतं. त्या दिवसांत माणसं कुठून येतात? इतर ठिकाणची ड्यूटी बदलून आणतात. मीही गेलोय अशा ड्यूटीवर. मग रोजच्या अडीच तासांसाठीही वेळापत्रक हलवता येतं.

---

मास्तरीण · मंगळवार, रात्री ९.३०

काका, तक्त्याचा नमुना मी वहीवर आखून फोटो टाकते. मोठ्या अक्षरात, म्हणजे कोणालाही भरता येईल. उरलेल्या माणसांसाठी वेगळा रकाना ठेवते.

---

मेमू_प्रवासी · मंगळवार, रात्री ९.४१

मी रोज त्याच वेळी स्टेशनवर असतोच. मला तिकीट काढायचं नसतं, त्यामुळं उभं राहून मोजायला मोकळा आहे. सोमवार ते शुक्रवार साडेपाचची गाडी माझ्याकडे.

---

पऱ्हाटी (धागाकर्ता) · मंगळवार, रात्री १०.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबूकाका, तुमची दोन्ही पत्रं आईला वाचून दाखवली. प्रायव्हेट कॅशचं ऐकून ती म्हणाली, "म्हनून तो बाबू नोट उजेडाकडं धरून पाहे." त्या माणसाचं नाव तिला माहीत नाही. मलाही नाही.

शनिवार-रविवार मी घेतो. चांदूर, धामणगाव, पुलगावकडून रोज शहरात जाणारे कोणी असतील तर आपापली संध्याकाळची गाडी लिहा, म्हणजे एकाच गाडीवर दोघं नको. डॉक्टरांनी आईला आणखी एकदा बोलावलं आहे, पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. त्याआधी सात दिवसांचा कागद पूर्ण झाला तर तोच घेऊन जाईन.

---

वैनगंगा · मंगळवार, रात्री १०.१८

वडशाची दुपारची अन् संध्याकाळची दोन्ही मी पाहतो. तक्ता टाका ताई.

---

अभ्यासिका · मंगळवार, रात्री १०.२६

आमच्या वाचनालयातले सहा जण तयार आहेत. आम्ही दोघी-दोघी जाऊ. सव्वानऊची गाडी आमच्याकडे द्या, त्या वेळी तिथं कोणीच मोजायला नसेल.